अधिक-उणे : प्रस्तावना

आजीच्या दहाव्याला कावळा शिवेना. खाडीकाठच्या घाटावर ऊन चढत चाललं होतं. ओहोटीनं चिखल उघडा पडला होता. पलीकडच्या तिवरांवर कावळे बसून होते, पण खाली एकही येत नव्हता. मग रीतीप्रमाणे एकेकानं पुढे होऊन आजीला शब्द द्यायला सुरुवात केली. धाकट्या नातवाचं शिक्षण पुरं करू. गावदेवीची ओटी दरसाल भरू. तरी कावळे जागचे हलेनात. शेवटी काका उठले. आमची भातशेती नवी मुंबईसाठी गेली, तिच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांच्या योजनेत मिळालेल्या भूखंडाचे वाटे अजून व्हायचे होते. आत्यानं हक्कसोडपत्रावर सही करावी, अशी घरात बोलणी चालू होती. आत्या विधवा होऊन माहेरी आलेली. काकांनी हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आई, ताईच्या वाट्याला हात लावणार नाही. तिची सही मागणार नाही." थोड्या वेळानं एक कावळा उतरला.

घाटावरून परतताना नात्यातल्या एका आजोबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "रडू नको, बाय. तू तर फिजिक्स शिकतेस. तुमचं सायन्सही सांगतंच ना, ऊर्जा कधी नष्ट होत नाही म्हणून? आजी कुठे गेलेली नाही." मी मान डोलावली.

त्या रात्री प्रॅक्टिकलच्या जर्नलमधलं शेवटचं कोरं पान उघडून मी तीन वाक्यं लिहिली. ऊर्जा अक्षय्यतेचा नियम आजीबद्दल असं काही सांगत नाही. कावळ्याला हक्कसोडपत्र कळत नाही. काकांनी दिलेला शब्द खरा आहे.

या पुस्तकातली सगळी टिपणं त्या तीन वाक्यांतून निघाली. पहिल्यातून अस्तित्वाचा भाग आला, दुसऱ्यातून धर्माचा, तिसऱ्यातून नीतीचा. बेलापूरहून हार्बरनं कुर्ला आणि तिथून कालिन्याचं विद्यापीठ, असा माझा रोजचा प्रवास. बरीचशी टिपणं गाडीत लिहिली आहेत. वाशीच्या खाडीपुलावर गाडी आली की लिहिणं थांबायचं, कारण दक्षिणेला ट्रॉम्बेची टेकडी दिसते आणि तिच्याकडे पाहिलं की डोक्यातला प्रश्न बदलतो. तसं का होतं, ते पुढे येईलच.

आधी पुस्तकाच्या नावाविषयी. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत पहिल्याच आठवड्यात एक सवय लावली जाते. कुठलंही मोजमाप नुसतं लिहायचं नाही. त्याच्यापुढे अधिक-उण्याचं चिन्ह काढून, आपण किती चुकलेले असू शकतो तेही लिहायचं. ते नसेल तर आकडा कितीही अचूक दिसो, सर जर्नल परत करतात. गायगर-म्युलर काउंटरवर किरणोत्सारी स्रोत ठेवून मी पहिल्यांदा नोंदी घेतल्या, तेव्हा ही सवय मला खऱ्या अर्थानं कळली. १०० टिक्-टिक् मोजल्या तर अनिश्चितता १०ची, म्हणजे दहा टक्के. १०,००० मोजल्या तर अनिश्चितता १००ची, म्हणजे फक्त एक टक्का. मोजलेल्या संख्येचं वर्गमूळ ही त्या मोजणीची मर्यादा. जास्त खात्री हवी असेल तर जास्त वेळ बसून मोजावं लागतं, दुसरा मार्ग नाही. स्रोत उचलून कपाटात ठेवला तरी काउंटर गप्प बसत नाही. भिंतीतून, जमिनीतून, आकाशातून येणारी पार्श्वभूमी मोजत राहतो. ती आधी वजा केल्याशिवाय स्रोताबद्दल एक शब्द बोलायचा नाही.

आमच्या घरी मात्र 'अधिक-उणं' हा शब्द आजीच्या तोंडी होता. लग्नकार्य उरकलं की ती पाहुण्यांना हात जोडून म्हणायची, अधिक-उणं झालं असेल तर सांभाळून घ्या. पूजा आटोपल्यावर भटजीसुद्धा जे कमी पडलं आणि जे जास्त झालं त्याबद्दल देवाची क्षमा मागतात. प्रयोगशाळेतलं चिन्ह आणि आजीचे जोडलेले हात मला एकाच कुळातले वाटतात. दोन्हीकडे माणूस कबूल करतो, की मी चुकू शकतो आणि त्याची जबाबदारी माझी आहे. फरकही आहे. पूजेतली क्षमा विधीत राहून गेलेल्या त्रुटीबद्दल असते. ज्या समजुतीवर विधी उभा आहे, ती चुकीची असेल का, हा प्रश्न तिथे विचारला जात नाही. प्रयोगशाळेत तोच आधी विचारतात.

या टिपणांतून मला जे सांगायचं आहे ते थोडक्यात असं : प्रत्येक विधानाला अधिक-उणं असतं, हे विज्ञान शिकवतं. माझ्या विधानातल्या चुकीचा भार ज्या क्षणी दुसऱ्याच्या अंगावर पडतो, त्या क्षणी नीतीचा प्रश्न सुरू होतो. काउंटरची मोजणी चुकली तर माझं जर्नल परत येतं. 'मुलीचा वाटा नसतो' हे विधान चुकलं तर आत्याचं छप्पर जातं. म्हणून मला वाटतं, की श्रद्धेच्या, परंपरेच्या किंवा विज्ञानाच्या नावानं केलेल्या कोणत्याही विधानाला दोन गोष्टी विचाराव्यात : तू किती चुकू शकतोस, आणि चुकलास तर कोण भोगेल?

हा प्रश्न मला सुचला असला तरी वाट नवी नाही. मराठीत या वाटेवर पावलोपावली माणसं भेटतात. गोपाळ गणेश आगरकरांनी १८८८ साली 'सुधारक' काढलं. बुद्धीला न पटणारं काहीही, ते जुनं आहे एवढ्यासाठी मानू नये, असा आग्रह त्यांनी धरला. त्यांच्या लेखनाइतक्याच मला दोन घरगुती गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पत्नी यशोदाबाईंची व्रतवैकल्यं त्यांनी जबरदस्तीनं थांबवली नाहीत. आणि १८९५मध्ये ते गेले तेव्हा स्वतःच्या अंत्यविधीपुरते पैसे त्यांनी आधीच बाजूला बांधून ठेवलेले होते, असं सांगतात. आपल्या मतांचा भार बायकोवर नको आणि आपल्या देहाचाही कुणावर नको. निरीश्वरवाद इतका जबाबदार असू शकतो, हे मला आगरकरांकडून कळलं.

गोव्याच्या कोसंबी पितापुत्रांपाशी मी सर्वात जास्त रेंगाळले आहे. धर्मानंद कोसंबी १८९९मध्ये बुद्धाच्या शोधात घराबाहेर पडले. पुणे, काशी, नेपाळ असं फिरत श्रीलंकेत पोहोचले, पाली शिकले, भिक्षू झाले आणि पुढे मराठी वाचकाला बुद्ध त्यांनी मूळ ग्रंथांतून समजावला. 'निवेदन' या त्यांच्या आत्मकथनातला प्रामाणिकपणा अपूर्व आहे. पण ते निघाले तेव्हा मागे पत्नी होती, लहान मुलगी होती. सत्याचा शोध एकानं घेतला आणि त्याची किंमत घरात राहिलेल्या बाईनं मोजली. धर्मानंदांबद्दलचा माझा आदर यानं कमी होत नाही. फक्त त्यांच्या आकड्यापुढचं अधिक-उणं मला आता दिसतं, आणि ते खोडावंसं वाटत नाही.

त्यांचे चिरंजीव दामोदर धर्मानंद कोसंबी गणिती. हार्वर्डमध्ये शिकले, १९४५पासून टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. तक्षशिलेला सापडलेली आहत नाणी त्यांनी एकेक करून तोलली. हातोहात फिरताना नाणं झिजतं. किती झिजलं यावरून ते किती काळ चलनात होतं, हे संख्याशास्त्रानं सांगता येतं. मौर्यकाळाचा इतिहास त्यांनी तराजूतून वाचला. पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर पायी हिंडून त्यांनी अश्मयुगीन हत्यारं गोळा केली. गावोगावच्या शेंदूर फासलेल्या देवींची ठाणी जुन्या वाटांच्या चौकांत का सापडतात, याचाही विचार केला. देवीची टवाळी करायची नाही आणि चमत्कारही मानायचा नाही. ती इथे कुणी, कधी, कशासाठी बसवली ते शोधायचं. धर्माकडे पाहण्याची ही तऱ्हा मी त्यांच्याकडून घेतली.

१९५६ हे वर्ष माझ्या टिपणांत वारंवार येतं. ४ ऑगस्टला ट्रॉम्बे इथे 'अप्सरा' ही भारतातली पहिली अणुभट्टी सुरू झाली. १४ ऑक्टोबरला नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. मधे दहा आठवड्यांचं अंतर. एकीकडे अणूचं केंद्र फोडण्याची तयारी, दुसरीकडे धर्माचं केंद्रच हलवण्याची. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या त्यांच्या अखेरच्या ग्रंथात बाबासाहेबांनी ईश्वराची जागा नीतीला दिली. माणसानं माणसाशी कसं वागावं, हाच धम्म. ज्या व्यवस्थेच्या चुकीचा भार शतकानुशतकं एकाच समाजाच्या खांद्यावर होता, ती व्यवस्था त्या समाजानं नाकारली. मी ज्याला नीतीचा प्रश्न म्हणते, त्याचं इतकं मोठं उत्तर महाराष्ट्रात दुसरं दिलं गेलेलं नाही.

आणखी अलीकडे यायचं तर डॉ. जयंत नारळीकर. विश्वाची उत्पत्ती हा त्यांचा विषय, तरी ज्योतिषाची चाचणी घेण्याइतका वेळ त्यांनी काढला. नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह केलेला हा प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाला. १०० हुशार आणि १०० बौद्धिक दिव्यांग मुलांच्या पत्रिका जमवल्या. प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका देऊन विचारलं, यातलं कुठलं मूल कोणत्या गटातलं? २७ जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर आली ४६ टक्के. नाणं उडवून उत्तरं दिली असती तर ५० टक्क्यांच्या आसपास आली असती. या प्रयोगात मला सभ्यता दिसते. ज्योतिषांना खोटारडे म्हटलेलं नाही, त्यांच्या दाव्याला योग्य अशी कसोटी तेवढी दिली आहे. आपलं मूल वेगळं आहे हे कळल्यावर पत्रिका घेऊन दारोदार फिरणाऱ्या आईबापांचा विचार केला, की त्या ४६ आकड्यामागची कळकळ जाणवते. २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. २० मे २०२५ला नारळीकर गेले. त्या दोघांना मी कधी भेटले नाही. तरी या पुस्तकाचा धर्मविषयक भाग त्यांच्यासमोर वाचून दाखवत आहे, असं समजूनच लिहिला आहे.

आता तिन्ही भागांविषयी थोडं थोडं.

धर्माच्या भागात मी देव आहे की नाही, या वादात फार शिरलेली नाही. माझ्यापुढचा प्रश्न वेगळा होता : आजीच्या जगातून माझ्या जगात यायचं कसं? दार आपटून यायचं, की तिथंच अर्धं राहून खोटं वागायचं? याचं उत्तर मला अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेनं दिलं. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. १८५९च्या सप्टेंबरात सूर्यावरून आलेलं प्रचंड चुंबकीय वादळ तिथल्या उपकरणांनी टिपलं, आणि ती नोंद आजही जगभरचे अभ्यासक वापरतात. पुढे मुंबईत विजेवर चालणारी ट्राम येणार असं ठरलं. त्या विजेनं सुया बहकणार होत्या. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभॉय अर्देशीर फ्रामजी मूस यांनी ट्रामशी भांडण मांडलं नाही, बिघडलेल्या नोंदी खपवूनही नेल्या नाहीत. त्यांनी अलिबागची जागा निवडली, चुंबकत्वाला बाधा न आणणाऱ्या सामग्रीची इमारत उभी केली आणि १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या. कुलाब्याचा आकडा आणि अलिबागचा आकडा यांचं नातं पक्कं झाल्यावरच कुलाबा थांबवलं. त्यामुळे साखळी तुटली नाही. त्या कामाचा वारसा सांभाळणाऱ्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं मुख्यालय आज आमच्या नव्या पनवेलला आहे.

धर्माच्या बाबतीत मी हेच केलं. आजी गेल्यानंतर दोन वर्षं तिचे सगळे सण, उपास, मानपान पाळले आणि त्याच वेळी वहीत माझी नोंदही ठेवली : आज काय केलं, त्यामागे कोणतं विधान होतं, ते खरं का, ते केल्यानं कुणाला आधार मिळाला, कुणाला वेगळं बसवलं गेलं. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देण्यामागचं भय आणि कृतज्ञता मला कळली, तो मी अजून देते. पाळीच्या दिवसांत बाईला देवाजवळ जाऊ न देणं ज्या समजुतीवर उभं आहे ती खोटी आहे आणि तिचा भार फक्त बाईवर आहे. ते मी सोडलं आणि घरातही सोडायला लावलं. दोन्ही निर्णयांमागचा हिशेब वहीत आहे.

याच भागात एक टिपण नटराजावर आहे. स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेच्या आवारात २००४पासून भारतानं भेट दिलेली नटराजाची मूर्ती उभी आहे. घारापुरीच्या लेण्यातही नटराज आहे, बाराचौदाशे वर्षांहून जुना, हातपाय तुटलेला. त्या दोन्ही मूर्ती मला प्रिय आहेत. पण त्या मूर्तींवरून आपल्या पूर्वजांना मूलकणांचं ज्ञान होतं, असं कुणी म्हणालं तर मी थांबवते. शिल्पकारानं नृत्याची कल्पना केली हे त्याचं मोठेपण. त्याच्या तोंडी आपण आजचं समीकरण घातलं, तर त्याचं काम आणि आपलं काम दोन्ही खोटी ठरतात.

नीतीचा भाग सर्वात लांब झाला आहे. डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञानं १७४० साली दाखवून दिलं, की जग कसं आहे यावरून ते कसं असावं हे आपोआप निघत नाही. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यानं हे कोरून ठेवावं. माझं शास्त्र मला अणू कसा फुटतो ते सांगेल, तो फोडावा की नाही हे सांगणार नाही. ट्रॉम्बेची टेकडी पाहून माझी लेखणी थांबायची ती यामुळे. तिथल्या 'सायरस' अणुभट्टीतलं प्लुटोनियम १९७४च्या पोखरणच्या स्फोटात वापरलं गेलं. माझे अनेक आदरणीय शिक्षक तिथे काम करून आलेले आहेत. त्यांच्यामुळे कर्करोगाच्या रुग्णांना समस्थानिकांचे उपचार मिळाले, हेही मला ठाऊक आहे.

त्या टेकडीच्या समोर, समुद्रात, घारापुरी बेट आहे. शिवाची त्रिमुखी मूर्ती पाहायला जगभरचे लोक तिथे जातात. त्या बेटावरच्या गावांना समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकून वीज मिळाली ती २०१८च्या फेब्रुवारीत. तोवर जनरेटरवर संध्याकाळचे काही तास दिवे लागत. 'अप्सरा' संशोधनाची भट्टी होती, ती वीज करण्यासाठी नव्हती. म्हणून दोन गोष्टींची थेट तुलना करणं अन्यायाचं होईल. पण समोरच्या किनाऱ्यावर अणूचं युग उजाडल्यापासून बेटावर बटण दाबून दिवा लागेपर्यंत ६२ वर्षं गेली, हे अंतर कुणी ठरवून ठेवलेलं नसलं तरी कुणीतरी भोगलेलं आहे. दामोदर कोसंबी १९५०च्या दशकापासून सांगत होते, की भारतासारख्या उन्हाच्या आणि गरीब देशानं सूर्याकडे पाहावं. ती वीज गावोगाव विखरून करता येते. अणुऊर्जेवरचं त्यांचं प्रत्येक मत बरोबर होतं असं मी म्हणत नाही. खर्च कोण सोसेल आणि लाभ कुणापर्यंत पोहोचेल, हे त्यांनी गणिताच्या आत धरलं. इतरांनी ते गणिताबाहेर ठेवलं होतं.

नवी मुंबईत राहून जमिनीवर न लिहिणं मला शक्य नव्हतं. १९७०मध्ये सिडकोची स्थापना झाली, ९५ गावांची जमीन शहरासाठी संपादित करायचं ठरलं. मुंबईवरचा भार हलका करायचा, हा हेतू चांगला होता आणि शहर आखणारी माणसं थोर होती. मीही त्याच शहराच्या रस्त्यांवर, शाळांत वाढले. १९८४च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. गोळीबारात पाच जण गेले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळण्याचं तत्त्व त्या लढ्यातून आलं. माझ्या आत्याचा वाटाही त्यातूनच आलेला आहे. पुढे विमानतळासाठी दहा गावं उठली, उलव्याची टेकडी कापली गेली, नदीची वाट वळवली गेली, आणि २०२५च्या डिसेंबरात विमानं उडू लागली.

इथे माझ्या विचाराला एक अडचण आली, ती लपवत नाही. सगळं मोजून होईपर्यंत, अनिश्चितता एक टक्क्यावर येईपर्यंत थांबायचं म्हटलं, तर तोवर शेतावर भराव पडलेला असतो. १९८४ला रस्त्यावर उतरलेली माणसं आकडेवारीची वाट पाहत बसली नाहीत आणि ते बरोबरच होतं. म्हणून मी या निष्कर्षावर आले : चुकीचा भार ज्याच्यावर पडणार आहे, त्याला आपण मोजणी पुरी होईपर्यंत थांब म्हणू शकत नाही. शंकेचा फायदा आधी त्याला द्यावा लागतो.

अस्तित्वाचा भाग आजीचा आहे. चितेतली उष्णता हवेत गेली, प्रकाश आकाशात गेला, हिशेबात एक ज्यूलही कमी पडला नाही. पण आजी म्हणजे तेवढी ऊर्जा नव्हती. जवळा कसा निवडायचा, भरती कधी लागणार हे तिथीवरून कसं ओळखायचं, कुणाच्या घरी आज चूल पेटली नाही हे न विचारता कसं जाणायचं, अशी त्या ऊर्जेची एक मांडणी होती. ती मांडणी विस्कटली, आणि आपोआप परत जुळून येणार नाही. उष्मागतिकीचा दुसरा नियम तो हाच, आणि घाटावर लागू होत होता तोच. आजोबांना मी मान डोलावली ती त्यांना दुखवू नये म्हणून. ते मला धीर देत होते आणि तो धीर मला लागत होता. विधान चुकीचं असलं तरी डोक्यावरचा हात खरा होता.

खरं तेवढंच ठेवूनही आधार उरतो, असा माझा अनुभव आहे. आजीच्या शरीरातल्या पाण्यातला हायड्रोजन विश्वाच्या पहिल्या काही मिनिटांतला, १३.८ अब्ज वर्षं जुना होता. हाडांतलं कॅल्शियम आणि रक्तातलं लोह ताऱ्यांत शिजलेलं. ज्या पारसिकच्या डोंगरावरून ती सरपण आणायची, तो ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. घारापुरीची मूर्तीही त्याच काळ्या दगडातली. तुमच्या-माझ्या शरीरात या क्षणी दर सेकंदाला पोटॅशियमचे चार हजारांच्या आसपास अणू विघटित होत आहेत. किती, हे सांगता येतं. पुढचा कोणता, हे कोणत्याही शास्त्राला सांगता येत नाही. एवढ्या प्रचंड काळात सत्त्याहत्तर वर्षं ही मांडणी टिकली आणि त्यातली वीस वर्षं ती माझ्या वाट्याला आली. यापेक्षा मोठं आश्वासन मी आता मागत नाही.

या पुस्तकात काय नाही, तेही सांगते. ध्यान, साक्षात्कार, पुनर्जन्म यांवर अधिकारानं बोलावं असं माझ्याजवळ काही नाही. पुंज भौतिकीचा आधार घेऊन अध्यात्म सिद्ध करणारं एकही पान नाही. त्या शास्त्राची गणितं मी अजून शिकते आहे आणि त्याच्या नावावर उसनं काही घेणार नाही. मे. पुं. रेगे, दि. य. देशपांडे, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या लेखनाची तपशीलवार चर्चाही इथे नाही. तेवढी माझी तयारी नाही. ज्यांना या विषयात खोल जायचं आहे त्यांनी त्यांच्याकडेच जावं.

माझ्या प्रयोगशाळेतल्या सरांनी अधिक-उण्याशिवाय एकही आकडा स्वीकारला नाही, त्यांचे उपकार आहेत. आत्यानं हस्तलिखित सगळ्यांत आधी वाचलं. तिचा वाटा तिच्या नावावर झाला आहे आणि त्या कागदाची झेरॉक्स तिनं हस्तलिखितात खूण म्हणून घातली होती.

शेवटी वाचकांना. २०११च्या सप्टेंबरात युरोपातल्या शास्त्रज्ञांच्या एका गटाला आढळलं, की त्यांचे न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा ६० अब्जांश सेकंद आधी पोहोचत आहेत. खरं असतं तर विसाव्या शतकाचं भौतिकशास्त्र हललं असतं. त्यांनी विजयोत्सव केला नाही. आपली सगळी मोजमापं जगासमोर ठेवली आणि यात चूक कुठे आहे ते शोधायला मदत करा, असं सांगितलं. काही महिन्यांत चूक सापडली : एक केबल नीट बसलेली नव्हती. हे पुस्तक मी तशाच भावनेनं तुमच्या हाती देत आहे. यातली कुठली तरी केबल सैल असणार. ती माझ्या नजरेतून सुटली असली, तरी ज्यांच्यावर तिचा भार पडेल त्यांना ती आधी जाणवेल. मी ज्यांच्या श्रद्धेबद्दल लिहिलं, ज्यांच्या जमिनीबद्दल लिहिलं, ज्यांच्या दुःखाला नियम लावले, त्यांनी तरी गप्प बसू नये.

आजी म्हणायची, अधिक-उणं झालं असेल तर सांभाळून घ्या. मी तिचं अर्धंच वाक्य घेते. अधिक-उणं झालं असेल तर सांभाळून घेऊ नका, कळवा.